सेल्युलॉइडची फीत आणि अंकांची रास : चित्रपटधंद्यातील एका स्थित्यंतराचा इतिहास

कै. धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात लोकांसमोर आला. त्या दिवसापासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे या धंद्यात नाना फेरफार झाले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने चित्रांस वाचा दिली, पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, त्यानंतर रंग आले, पडदा रुंद झाला. परंतु या सर्व स्थित्यंतरांत एक वस्तू मात्र जागची हलली नाही. ती म्हणजे पस्तीस मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे पाडलेली पारदर्शक फीत. मूकपट असो वा बोलपट, कलकत्त्यात पाहा वा कोल्हापुरात, पडद्यामागचा कारभार त्या फितीवरच चालत असे. आणि ही शंभर वर्षांची फीत अवघ्या दहा-बारा वर्षांत चित्रगृहांतून दिसेनाशी झाली. ती का गेली, तिच्या जागी काय आले आणि त्या अदलाबदलीत कोणाचे काय गेले, याची हकीकत आपल्या ज्ञातिबांधवांपुढे मांडावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम फीत म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. पडद्यावर एका सेकंदास चोवीस चित्रे सरकतात. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. म्हणजे मिनिटास नव्वद फूट फीत लागते, आणि अडीच तासांच्या चित्रपटास तेरा हजार पाचशे फूट. किलोमीटरमध्ये सांगायचे तर चारांहून थोडी अधिक. (गणित घालण्याची मास्तरकीतील खोड अद्याप सुटली नाही, वाचकांनी क्षमा करावी.) इतकी फीत रिळांवर गुंडाळून, पत्र्याच्या डब्यांत भरून, ते डबे लोखंडी पेटीत घालून एस. टी.ने किंवा रेल्वेने गावोगाव धाडावयाचे. चित्रगृहात दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी असत. एकावरचे रीळ संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक लहानसा ठिपका क्षणभर चमके. तो पाहून ऑपरेटरने दुसरे यंत्र सुरू करावयाचे, पुन्हा ठिपका दिसला की पहिल्याचा प्रकाश बंद करून दुसऱ्याचा सोडावयाचा. हे काम असे बेमालूम होई की आयुष्यभर सिनेमे पाहिलेल्या माणसांनाही तो ठिपका कधी दिसला नाही. जुन्या यंत्रांत दिव्याऐवजी कार्बनच्या दोन कांड्यांमधील ज्योतीचा उजेड असे. कांड्या जळून आखूड होत, त्या सतत पुढे सरकवीत राहावे लागे. नजर चुकली तर पडदा पिवळा पडे आणि पुढील बाकांवरून शिट्ट्या सुरू होत.

अशा एका चित्रपटाची एक प्रत छापण्यास अखेरच्या काळात पन्नास-साठ हजार रुपयांच्या घरात खर्च येत असे. हिंदी चित्रपटाचा धनिक निर्माता शेकड्यांनी प्रती काढू शके. मराठी निर्मात्याची ती ऐपत नव्हती. तो मोजक्याच प्रती काढी, त्या आधी पुण्या-मुंबईस, मग कोल्हापूर-सांगली-सोलापूर अशा केंद्रांत फिरत, आणि तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत फितीवर इतके ओरखडे उठलेले असत की नायकनायिका पावसात उभी आहेत की उन्हात हे कळू नये. मध्ये मध्ये तुटलेली फीत ऑपरेटरने जोडलेली असे. जोडताना चार-दोन चित्रे, क्वचित एखादे वाक्यच कापले जाई. एकच प्रत दोन चित्रगृहांत चालविणे हाही सर्रास प्रकार होता. एकीकडचे रीळ उतरले की सायकलवरून दुसरीकडे पळवावयाचे. आमच्या भागात जत्रेच्या मैदानात फिरता सिनेमा येत असे. तंबूत जमिनीवर बसून, मधोमध पुरुष आणि स्त्रिया यांच्यात दोरी बांधलेली असताना, पाहिलेल्या एका पौराणिक चित्रपटाचा शेवट आम्हा मुलांना त्या वर्षी पाहावयास मिळालाच नाही, कारण अखेरचे रीळ अजून मागच्या गावाहून आले नव्हते. व्यवस्थापकाने उभे राहून तो शेवट तोंडी सांगितला. त्याने तो फारच रंगवून सांगितला होता, असे पुढे मूळ चित्रपट पाहिल्यावर वाटले.

आता अंकांकडे वळू. डिजिटल या शब्दाचा अर्थ अंकीय. चित्राचे उभेआडवे अतिसूक्ष्म चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येक चौकोनात तांबडा, हिरवा व निळा हे रंग किती प्रमाणात आहेत ते संख्येने लिहून ठेवावयाचे, ही त्यातली मूळ कल्पना. चित्रगृहांसाठी जे प्रमाण पुढे ठरले त्यात रुंदीत २०४८ आणि उंचीत १०८० असे चौकोन आहेत. गुणाकार केल्यास ते बावीस लाखांवर जातात. प्रत्येक चौकोनातील प्रत्येक रंगाच्या ४०९६ पायऱ्या, आणि असे चित्र सेकंदास चोवीस वेळा! हा अंकांचा डोंगर दाबून लहान करण्याची आणि पुन्हा क्षणार्धात उलगडण्याची ताकद संगणकात येईपर्यंत फितीच्या केसालाही धक्का लागणे शक्य नव्हते.

या विद्येची पहिली चाहूल फीत बनविणाऱ्या कंपनीच्याच घरात लागली, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे. १९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीचा एक तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने अंकांत छायाचित्र टिपणारा कॅमेरा जुळवला. त्यात अवघे दहा हजार चौकोन होते आणि एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. कंपनीच्या वरिष्ठांनी कौतुक केले, पण त्यापुढे गाडे फारसे सरकू दिले नाही. ज्या कंपनीचा सारा नफा फितीवर, तिने फितीवाचून चालणारा कॅमेरा विकावा तरी कशासाठी? व्यापारी दृष्टीने त्यांचे चुकले असे त्या वर्षी कोणी म्हणाला नसता. मात्र २००६ मध्ये कोडॅकने चित्रपटासाठी सुमारे १,२४० कोटी फूट फीत विकली होती. २०१४ मध्ये हा आकडा ४५ कोटी फुटांच्या आसपास आला. मधल्या काळात, १९ जानेवारी २०१२ रोजी, कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला होता. जपानच्या फुजी कंपनीने तर २०१३ मध्ये चित्रीकरणाची फीत बनविणेच थांबवले.

पडद्याकडील बाजूची गोष्ट थोडी निराळी आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये एक चिप तयार केली. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य आरसे बसवलेले असून प्रत्येक आरसा विजेच्या इशाऱ्याने एका अंगाला किंवा दुसऱ्या अंगाला कलतो. जो आरसा पडद्याकडे कलेल तेथे उजेड, जो दुसरीकडे कलेल तेथे अंधार. याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राने जून १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील चित्रपट अमेरिकेतील मोजक्या चित्रगृहांत प्रथम फितीवाचून दाखवला गेला. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी एक प्रमाण ठरवून दिले. तरीही चित्रगृहांचे मालक लाखो रुपयांचे यंत्र घेण्यास नाखूष होते. फीत वाचली तर पैसा वाचतो निर्मात्याचा, यंत्राचा खर्च मात्र आमच्या माथी, ही त्यांची तक्रार अगदीच गैरवाजवी नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये ‘अवतार’ आला, त्यातील खोलीची दृश्ये दाखविण्यास डिजिटल यंत्र लागे, आणि प्रेक्षकांची झुंबड पाहून मालकांचे मन वळले. २०१४ च्या आरंभी पॅरामाउंट या जुन्या कंपनीने अमेरिकेतील चित्रगृहांस फितीच्या प्रती पाठविणे बंद केल्याचे वृत्त आले.

आपल्या देशाने या बाबतीत स्वतःची वाट काढली, ही अभिमानाची गोष्ट आहे. अमेरिकन प्रमाणाचे महागडे यंत्र तालुक्याच्या चित्रगृहास परवडणारे नव्हते. तेव्हा मुंबईच्या यूएफओ आणि चेन्नईच्या क्यूब या कंपन्यांनी त्याहून स्वस्त यंत्रे बसवून २००५ च्या सुमारास नवा मार्ग सुरू केला. यूएफओच्या पद्धतीत चित्रगृहाच्या छपरावर एक तबकडी बसवितात. उपग्रहावरून कुलूपबंद अंकांच्या स्वरूपात चित्रपट उतरतो व तेथील संगणकात साठतो. ज्या खेळाचे पैसे भरले असतील तेवढ्याच खेळांपुरते ते कुलूप उघडते. प्रतीच्या पन्नास हजारांऐवजी खेळागणिक भाडे, असा हा हिशेब आहे. लोखंडी पेटी गेली, एस. टी.ची पावती गेली, सायकलही गेली.

मराठी चित्रपटाला याचा लाभ झाला हे मान्य केलेच पाहिजे. पुण्यात लागलेला चित्रपट त्याच शुक्रवारी गेवराईस वा पुसदला स्वच्छ, ओरखड्यावाचून लागू शकला. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रकाशित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ राज्यभर एकाच वेळी झळकला आणि शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. पूर्वीच्या मोजक्या प्रतींच्या हिशेबात, कथा तीच असूनही, एवढे यश इतक्या थोड्या दिवसांत पदरी पडणे अशक्य होते. चित्रीकरणातही फरक पडला. फीत महाग, म्हणून दिग्दर्शक पूर्वी दहादा तालीम करून मगच कॅमेरा सुरू करीत. आता वाटेल तितके टिपावे आणि नको ते पुसावे. त्यामुळे भांडवल नसलेल्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुणांना या धंद्याचे दार किलकिले झाले. तथापि वहीवर शाईने लिहिणारा विद्यार्थी आणि पाटीवर लिहून थुंकीने पुसणारा विद्यार्थी यांच्या हस्ताक्षरांत जो फरक मी वर्गात पाहत आलो, तो पडद्यावरही दिसू लागला आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. तरुण वाचकांनी ते मान्य करावे असा आग्रह नाही.

दुसरी बाजूही आहे. प्रत काढण्याचा खर्च नाहीसा होताच मोठा हिंदी वा इंग्रजी चित्रपट एकाच शुक्रवारी हजारो पडदे व्यापू लागला. पूर्वी चित्रपट पंचवीस आठवडे चालून रौप्यमहोत्सव होई. आता तीन दिवसांत भवितव्य ठरते आणि सोमवारी जाहिरात बदलते. मराठी चित्रपटांस सोयीच्या वेळेचे खेळ मिळेनात, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाला बहुपडदा चित्रगृहांबाबत त्यासाठी आदेश जाहीर करावा लागला. म्हणजे यंत्राने दार सर्वांस सारखेच उघडले, परंतु आत शिरण्याची ताकद ज्याची त्याचीच राहिली.

आणि ऑपरेटर? परवाना मिळवून, वर्षानुवर्षे यंत्राच्या उष्णतेत आणि खडखडाटात उभा राहून ज्याने हात तयार केला, त्याचे काम आता कळ दाबण्याचे उरले. कित्येक ठिकाणी ते काम दारावरचा किंवा कार्यालयातला माणूसच उरकतो. फीत धुणाऱ्या व छापणाऱ्या प्रयोगशाळा ओस पडल्या. जुनी यंत्रे भंगाराच्या भावाने गेली. महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमावाल्यांच्या या अखेरच्या दिवसांचे चित्रण ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या या माहितीपटाची २०१६ मध्ये कान येथील महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. फितीचा मृत्यू टिपणारी ही कलाकृती जगभर फिरली ती अर्थातच अंकांच्या रूपाने.

चित्रगृहावरील दुसरा आघात घराघरांतून आला, त्याविषयी सर्वांस ठाऊक असल्याने थोडक्यातच लिहितो. १९९७ मध्ये स्थापन झालेली आणि टपालाने चित्रपटांच्या तबकड्या भाड्याने देणारी नेटफ्लिक्स ही अमेरिकन कंपनी २००७ पासून तारेवरून चित्रपट घरी पोहोचवू लागली व जानेवारी २०१६ मध्ये भारतात आली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रगृहे बंद पडली आणि १२ जून २०२० रोजी ‘गुलाबो सिताबो’ हा अमिताभ बच्चन यांचा चित्रपट चित्रगृहाचे तोंड न पाहता थेट घरातील पडद्यावर आला. या नव्या व्यवस्थेत लेखक-नटांचा वाटा किती, हा प्रश्न अमेरिकेत इतका चिघळला की २०२३ मध्ये तेथील पटकथालेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर होते.

परंतु प्रस्तुत लेखकास सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो तो जतनाचा प्रश्न, आणि त्याकडे सामान्यतः कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुटक स्वरूपात आज हाती असलेले मूठभर आहेत. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत उरलेली नाही. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि अखेरचे रीळ काय ते आहे, आणि तेही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. याची कारणे दोन. जुनी फीत नायट्रेटची, म्हणजे स्फोटकाच्या जातीची. ती आपोआप कुजे किंवा पेट घेई. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. फितीवरील लेपात चांदी असते, आणि चालून जुना झालेला चित्रपट चांदी काढून घेण्यासाठी सरळ विकला जाई.

या विनाशातून जे वाचले त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि तेथे १९९१ पर्यंत सेवा केलेल्या पी. के. नायर यांना आहे. फाळके यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन त्यांनी जुनी रिळे मिळवली. कोठे गोदामात, कोठे माळ्यावर पडलेले डबे गोळा केले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, एके काळच्या प्रभातच्या आवारात, नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून मोठा ठेवा भस्मसात झाला. जेथे ‘संत तुकाराम’ घडला, त्याच जागी!

मग सर्व काही अंकांत उतरवून ठेवले म्हणजे चिंता मिटली, असे कोणासही वाटेल. तसे नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना कोणी चुकीची आज्ञा दिली आणि बहुतेक चित्रपट क्षणार्धात पुसला गेला. राखीव प्रत काढली, तर तीही सदोष निघाली. एक कर्मचारी बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत असत, त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून काम वाचले. फीत जळावयास आग लागते, अंक पुसावयास एक ओळ पुरते. २००७ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने हिशेब मांडला तेव्हा एका चित्रपटाची मूळ फीत जपण्यास वर्षाला १,०५९ डॉलर, तर अंकीय प्रत जपण्यास १२,५१४ डॉलर लागतात असे आढळले. त्यानंतर साठवणीचे दर पुष्कळ उतरले आहेत, पण मूळ अडचण कायम आहे. अंक दीर्घकाळ ठेवण्यासाठी आजही बहुधा चुंबकीय फीतच वापरतात (पाहा, फीत अखेर सुटली नाहीच!) आणि नव्या पिढीचे यंत्र फार तर एक-दोन पिढ्यांमागची फीत वाचते. म्हणून दर काही वर्षांनी सगळा संग्रह नव्या फितीवर उतरवून घेत राहावे लागते. एक फेरी चुकली की तो वाचणारे यंत्रच बाजारात नसते. याउलट सेल्युलॉइडची फीत थंड व कोरड्या जागी ठेवली तर शंभर वर्षांनीही खिडकीशी धरून डोळ्यांनी पाहता येते.

अंकांचे उपकारही तितकेच खरे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ आणि त्यापुढील दोन चित्रपटांच्या मूळ फिती जुलै १९९३ मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. करपलेल्या त्या फिती कोणी टाकून दिल्या नाहीत. अनेक वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील कारागिरांनी त्या ओलावा देऊन मऊ केल्या, कडा हाताने सांधल्या, मग एकेक चित्र अंकांत उतरवले. जे भाग पूर्ण जळले होते ते इतर प्रतींवरून घेतले. २०१५ मध्ये हे चित्रपट न्यूयॉर्क येथे पुन्हा स्वच्छ रूपात दाखवले गेले. आपल्या शासनानेही मे २०२२ मध्ये सुमारे बावीसशे चित्रपटांच्या पुनरुद्धारासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पुण्याचे संग्रहालय त्याच सुमारास राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. १९८५ ते २००५ या काळात आपल्या कुटुंबांतून जी लग्ने, मुंजी, साठीशांती झाल्या, त्यांचे चित्रण बहुतेकांनी व्हिडिओ कॅसेटवर करून घेतले आणि त्या कॅसेटी कपाटात, लग्नाच्या शालूखाली ठेवल्या. त्या वाजविणारी यंत्रे बनविणाऱ्या जपानच्या फुनाई या अखेरच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कॅसेटवरील चुंबकीय लेप आपल्याकडील पावसाळ्यात बुरशी धरतो. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या जाणकार माणसाकडून लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात, एक प्रत स्वतःजवळ आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्ताकडे ठेवावी. मुख्य म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, पंक्तीत कोण कोण बसले आहे, वाढणारी कोण, दाराशी उभे असलेले ते टोपीवाले गृहस्थ कोण, ही नावे कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद कॅसेटच्या डब्यातच ठेवावा.